कळतं पण वळत नाही: एडीएचडीबरोबर शाळा, कॉलेज आणि पुढचं आयुष्य

माझ्या सहावीच्या प्रगतिपुस्तकात शेरा आहे, ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ सातवीच्या पुस्तकात, ‘लक्ष दिल्यास खूप पुढे जाईल.’ आठवीत नुसताच एक शब्द, ‘निष्काळजी’. आईनं ही तिन्ही पुस्तकं जपून ठेवली होती. वयाच्या ३३ व्या वर्षी मी ती एका मानसोपचारतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवली. त्याच्या चार महिने आधी माझ्या सात वर्षांच्या मुलाची एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावीळपणा या त्रासाची, तपासणी झाली होती. त्या दिवशी डॉक्टर त्याच्याबद्दल विचारत होत्या, दप्तरातल्या वस्तू हरवतात का, सांगितलेली तीन कामं डोक्यात राहतात का, आवडीच्या गोष्टीत तासन्‌तास बुडून जातो का, आणि मी त्याच्याबद्दल सांगता सांगता मध्येच थांबले. मी स्वतःबद्दलच बोलत होते.

या गोष्टीला आता आठ वर्षं झाली. मुलगा पंधराचा आहे. या काळात आम्ही दोघांनी बरंच काही करून पाहिलं. त्यातलं जे टिकलं, ते इथे लिहिते आहे.

‘कळतं पण वळत नाही’ हे आपल्याकडे टोमणा म्हणून बोललं जातं. मला तो टोमणा लहानपणी खूप लागायचा, पण एडीएचडीचं याहून नेमकं वर्णन मला अजून मिळालेलं नाही. काय करायचं हे आम्हाला ठाऊक असतं. नेमक्या वेळी ते हातून सुरू होत नाही, सुरू झालं तर मध्येच सुटतं. म्हणून पुन्हा समजावून सांगणं, शपथा घ्यायला लावणं, रविवारी रात्री नवं वेळापत्रक आखणं यांनी फारसं काही होत नाही, कारण हे सगळे उपाय ‘कळण्या’चे आहेत. जिथे काम अडतं त्याच जागी आणि त्याच क्षणी आधार ठेवला, तर वळतं. खाली जे काही सांगणार आहे त्याच्या मुळाशी एवढंच आहे. आधार मात्र वयाप्रमाणे बदलावा लागतो.

आधी तपासणी

रक्ताची तपासणी किंवा मेंदूचा स्कॅन करून एडीएचडी ठरत नाही. ती ठरते सविस्तर मुलाखतीवरून. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत लक्ष न टिकण्याची ९ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची ९ लक्षणं आहेत. मुलांमध्ये कुठल्याही एका गटातली किमान ६ असावी लागतात, १७ वर्षांपासून पुढे ५ पुरतात. ती किमान सहा महिने असावीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत, म्हणजे घरी आणि शाळेत, किंवा घरी आणि कामावर, आणि त्यातली काही १२ वर्षांच्या आधीपासून असावीत. मी शाळेत होते तेव्हाच्या निकषांत ही मर्यादा ७ वर्षांची होती. वर्गात शांत बसून खिडकीबाहेर बघत राहणारी माझ्यासारखी मुलगी त्यातून सहज निसटायची. मुली आजही निसटतात, कारण त्यांचा त्रास कुणाला दिसत नाही. त्या बाक वाजवत नाहीत, मनातल्या मनात भटकतात.

तपासणीला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. जुनी प्रगतिपुस्तकं न्या. लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणीतरी, आई, वडील, मोठी बहीण, यांना बरोबर घ्या किंवा त्यांच्याशी फोनवर बोलायची सोय करा. आणि घरीच एक कागद लिहून ठेवा, कारण समोर बसल्यावर आठवत नाही. ‘विसरते’ असं लिहू नका, प्रसंग लिहा. माझ्या कागदावर होतं, ‘वीजबिलाचे पैसे खात्यात असताना सलग तीनदा दंड भरला.’ त्या एका वाक्यानं दहा मिनिटांचं काम केलं. झोप अपुरी पडणं, थायरॉइड, चिंता, नैराश्य, लहान मुलांत ऐकू कमी येणं, यांमुळेही लक्ष उडतं. चांगले डॉक्टर हे आधी पाहतात. दहा मिनिटांत चिठ्ठी लिहून देणाऱ्याकडे थांबू नये, असं माझं मत आहे.

आणखी एक. मुलाचं निदान झालं असेल तर आईवडिलांनी आपल्याकडेही बघावं. एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जे स्वतः किल्ल्या शोधत फिरतात त्यांच्यावरच मुलाला शिस्त लावायची जबाबदारी असते, आणि दोघंही एकमेकांवर चिडतात. आमच्या घरात दोन वर्षं हेच चाललं होतं.

लहान मूल

२००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं घेतलेले होते. मेंदूच्या बाहेरच्या थराचा निम्मा भाग पूर्ण जाडीला पोहोचायचं वय इतर मुलांत साधारण साडेसात होतं, एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहा. वाढीचा क्रम तोच, पण तीन वर्षं उशिरा. हे वाचल्यावर मी मुलाकडून काय अपेक्षा करायची ते बदललं. दहा वर्षांचा मुलगा गणितं दहा वर्षांच्या मुलासारखीच सोडवत होता, पण दप्तर भरताना त्याला सात वर्षांच्या मुलाइतकी सोबत लागत होती. ती देण्यात त्याचे लाड होत नव्हते.

सोबत म्हणजे काय, ते नीट सांगते. दुसऱ्या खोलीतून ओरडून सांगितलेलं त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा, नजर मिळाली की एकच काम सांगायचं. ते झालं की दुसरं. ‘आवर’ हे काम नाही. ‘मोजे घाल’ हे काम आहे. सकाळची यादी त्याच्या खोलीच्या दाराला आतून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवलेली आहे. सुरुवातीला ती चित्रांची होती. भिंतीवर कुठेतरी लावलेली यादी निरुपयोगी. ज्या दारातून तो बाहेर पडतो तिथेच ती हवी. दप्तर रात्रीच भरून बाहेरच्या दाराला टेकवून ठेवायचं, इतकं की ते उचलल्याशिवाय दार उघडता येऊ नये.

वेळ त्याला दिसायला हवा. ‘अजून दहा मिनिटं’ या शब्दांना त्याच्या लेखी आकार नव्हता. लाल रंगाची चकती हळूहळू कमी होत जाते असा टायमर आणला, तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला, “एवढंच उरलंय?” वाळूचं घड्याळही चालतं. गृहपाठ दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून, मध्ये उठून उड्या मारू देऊन. काही मुलांचं लक्ष हालचाल चालू असतानाच लागतं. माझ्या मुलाला पाढे उभ्यानं, चेंडू भिंतीवर मारत पाठ झाले. खुर्चीत स्थिर बसवण्यावर मी जे महिने घालवले, ते वाया गेले.

शाबासकी लगेच. महिन्याच्या शेवटी मिळणारी सायकल त्याच्यासाठी इतकी लांब असते की ती नसल्यासारखीच. आत्ता, याच मिनिटाला, नेमकं काय बरं केलं ते सांगायचं, “मी एकदा म्हटलं आणि तू पेन्सिल खाली ठेवलीस.” शिक्षाही तशीच, छोटी आणि तिथेच संपणारी. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर डॉक्टर आधी पालकांनाच हे प्रशिक्षण घ्यायला सांगतात. औषधाचा विचार त्यानंतर.

शाळेशी बोलताना तक्रार घेऊन जाऊ नका, एका कागदावर तीन विनंत्या लिहून न्या. पुढच्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवणं. गृहपाठ वहीत उतरवला का, हे घंटा होण्याआधी एकदा पाहणं. आणि फार चुळबुळ सुरू झाली तर उठायचं काहीतरी काम देणं, वह्या वाटणं, फळा पुसणं. चाळीस मुलं सांभाळणाऱ्या शिक्षकांना तीन गोष्टी जमतात, तेरा जमत नाहीत. त्यातही एकच मागायची तर मी तिसरी मागेन. आणि मधली सुट्टी कापून घेण्याची शिक्षा होत असेल तर तिथे मात्र ठाम विरोध करा. धावायची सर्वांत जास्त गरज असलेल्या मुलाला कोंडून ठेवल्यावर पुढचे दोन तास काय होणार?

कॉलेज, म्हणजे सगळा आधार एकदम गळून पडतो ते वय

शाळेत मी तरले ते आईमुळे. ती उठवायची, वही शोधून द्यायची, परीक्षेच्या आदल्या दिवशी समोर बसायची. हॉस्टेलवर गेले आणि पहिल्याच सत्रात कोसळले. माझ्यासारख्या अनेकांचं असंच होतं. बारावीपर्यंत उत्तम गुण आणि कॉलेजात अचानक पडझड दिसली, तर तो मुलगा बिघडला असं समजू नका. तोवर त्याचं घर त्याच्यासाठी लक्ष देत होतं.

मला आजही आठवतो तो दुसऱ्या वर्षाचा परीक्षेचा फॉर्म. दोन पानी होता. तो माझ्या पिशवीत १९ दिवस होता. रोज मला तो तिथे आहे हे माहीत होतं, रोज त्याची भीती वाढत होती, आणि रोज मी पिशवीचा तो कप्पा उघडायचं टाळत होते. शेवटच्या दिवशी शेजारच्या खोलीतली सीनियर ताई माझ्या पलंगावर येऊन बसली. ती स्वतःच्या नोट्स काढत होती, मला काही शिकवत नव्हती. मी बारा मिनिटांत फॉर्म भरला. मग अर्धा तास रडले, कारण बारा मिनिटांच्या कामापायी मी स्वतःला १९ दिवस नालायक म्हणत होते.

त्या दिवशी जो उपाय सापडला तो मी आजही वापरते: सोबतीला माणूस. त्यानं मदत करायची नाही, फक्त तिथे असायचं आणि आपलं काम करायचं. आता हे व्हिडिओ कॉलवरही करतात. दोघं आवाज बंद करून आपापलं काम करतात. सुरुवातीला एकमेकांना एक वाक्य सांगायचं, “मी पहिला मुद्दा लिहिणार आहे”, आणि शेवटी झालं का ते. अभ्यासाची जोडी निवडताना गप्पिष्ट जिवलग मैत्रीण टाळा. फारशी ओळख नसलेलं, वेळेवर येणारं माणूस बरं.

दुसरं, लांबच्या तारखा. ‘सहा आठवड्यांनी प्रबंध’ ही तारीख आमच्या मेंदूत नोंदवलीच जात नाही. आमच्यासाठी दोनच वेळा असतात, आत्ता आणि आत्ता नाही. म्हणून ती तारीख फोडून जवळ आणायची आणि प्रत्येक तुकडा एका जिवंत माणसाला दाखवायचा शब्द द्यायचा. वहीत स्वतःच लिहिलेली खोटी मुदत मी कधी पाळली नाही. पण सरांना “शुक्रवारी चार वाजता रूपरेषा दाखवायला येते” असं सांगून ठेवलं की गुरुवारी रात्री ती होते. शिक्षकांना हे विचारायला लाज वाटते, मला फार वाटायची. बहुतेक जण हो म्हणतात.

तिसरं, सुरुवात इतकी बारीक करा की नकार द्यायला जागाच उरू नये. ‘अभ्यासाला बसणं’ मोठं आहे. ‘पुस्तक उघडून पान ८४ वर पेन ठेवणं’ जमतं. मी रात्री झोपण्याआधी दुसऱ्या दिवशीचं पुस्तक त्या पानावर उघडून ठेवायचे आणि समासात लिहायचे, ‘इथून’. उठताना अर्धवट वाक्यावर उठायचे, म्हणजे परत आल्यावर ते पूर्ण करावंसं वाटायचं.

वेळेच्या अंदाजासाठी दोन आठवडे एक काम करा. कुठल्याही कामाआधी किती वेळ लागेल ते लिहा, संपल्यावर किती लागला ते लिहा. माझा अंदाज नेहमी निम्मा असायचा. त्यानंतर मी अंदाज काढून दुपटीनं गुणते आणि त्यावर वाद घालत नाही.

फोन खिशात बंद करून ठेवणं पुरत नाही, तो दुसऱ्या खोलीत हवा. ‘नंतर बघू’ म्हणून रेकॉर्ड केलेली व्याख्यानं साठत जातात, त्यापेक्षा पुढच्या बाकावर बसून हातानं लिहिलेलं बरं. रात्रभर जागून केलेला अभ्यास आम्हाला सगळ्यांत महाग पडतो; मुळात तोकडं असलेलं लक्ष झोपेविना आणखी तुटतं. परीक्षेत जादा वेळ किंवा वेगळी शांत खोली मिळायची सोय तुमच्या कॉलेजात असेल तर ती सत्राच्या पहिल्या आठवड्यात मागा, निदानाचं पत्र जोडून. परीक्षेच्या तोंडावर मागितलेली सोय कागदपत्रांत अडकते, आणि कागदपत्रं हाच आपला कच्चा दुवा.

औषधाबद्दल

मी औषध घेते. मुलगाही घेतो. एडीएचडीवरचं एक औषध, मिथाइलफेनिडेट, १९४४ साली लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञानं तयार केलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरीट, लाडाचं रिटा, त्यावरून रिटालिन. म्हणजे हे काल आलेलं औषध नाही. मेंदूत निरोप पोहोचवणाऱ्या डोपामाइन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांची उपलब्धता ते वाढवतं. साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास राहतो, हळूहळू सुटणाऱ्या प्रकारांचा जास्त. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे वेगळ्या जातीचं औषध आहे, त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे जातात. आठवड्याभरात ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नका.

भूक मंदावणं, झोप उशिरा लागणं, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढणं हे होऊ शकतं. मुलांची उंची-वजन नियमित मोजावी लागते. घराण्यात किंवा स्वतःला हृदयाचा त्रास असेल तर न विचारताही सांगा. आपली गोळी परीक्षेच्या काळात मित्राला देऊ नये, कधीही.

एक अनुभवाची गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. औषध लक्ष देतं, दिशा देत नाही. पहिल्या आठवड्यात गोळी घेतली आणि ती लागू व्हायच्या वेळी मी कपाटासमोर होते. चार तास कपाट आवरलं, फार सुंदर आवरलं, आणि पेशंटचे अहवाल तसेच राहिले. तेव्हापासून गोळी घेताना दिवसाचं मुख्य काम टेबलावर उघडलेलं असतं.

नोकरी आणि घर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हे काम मला मानवतं. समोर माणूस असतो, हातांना काम असतं, दर अर्ध्या तासाला नवी गोष्ट. अडायचं ते नोंदी लिहिताना. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी लिहायचे आणि त्या तीन-तीन आठवडे साठायच्या. एका ठिकाणी यावरून मला नोकरी सोडावी लागली. आता पेशंट शेवटचा पाच मिनिटांचा व्यायाम करत असतो तेव्हा, तिथेच उभी राहून, मी नोंद पूर्ण करते. तो बाहेर पडण्याआधी नोंद झालेली असते. तुमच्या कामातलं असं साठणारं काम शोधा आणि ते मूळ कामालाच चिकटवा. ‘नंतर एकदम’ हे दोन शब्द आपल्यासाठी नाहीत.

माझ्या पेशंटपैकी कुणाला मी कधी “मनावर घेतलं तर काठीशिवाय चालाल” असं म्हणत नाही. काठी लागते तिथे काठी देते. स्वतःला मात्र वर्षानुवर्षं तेच ऐकवत होते. हे थांबवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

घरातल्या काठ्या अशा आहेत. सगळी बिलं खात्यातून आपोआप जातात. कॅलेंडर एकच, फोनमधलं. कुणी तोंडी बोलावलं तर “थांब, लिहिते” म्हणून त्याच्यासमोरच लिहिते. भेटीची नाही, निघायची वेळ लिहिते. गजराला नाव क्रियापदाचं: ‘उठ, बूट घाल’. नुसत्या घंटीचा गजर मी बंद करते आणि विसरते. काही विकत घ्यायची उबळ आली की ते यादीत जातं आणि तिथे दोन दिवस राहतं. बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी ते नकोसं झालेलं असतं. पाळीच्या आधीचे चार दिवस माझं लक्ष फार खाली जातं, अनेक बायका हे सांगतात, म्हणून त्या दिवसांत महत्त्वाचा कागद सही करायला ठेवत नाही.

नवऱ्याशी झालेली भांडणं बहुतेक एकाच जागी यायची: “लक्षात राहिलं नाही म्हणजे तुला त्याची किंमत नाही.” किंमत होती. आठवण वेगळ्या कप्प्यात असते, हे त्याला पटायला निदानाच्या वेळी डॉक्टरांसमोर बसावं लागलं. जोडीदाराला एकदा तरी बरोबर न्या. आणि त्यानं सतत आठवण करून देणारा मुकादम होऊ नये. त्यात दोघांचं नातं झिजतं. आठवण करणं यंत्राकडे द्या. आम्ही आठवड्यातून एकदा, वीस मिनिटं, दोघांची कॅलेंडरं शेजारी ठेवून बसतो, बाकी दिवस त्या विषयावर बोलत नाही.

राग पटकन येतो, टीका खोलवर लागते. हे निकषांच्या यादीत नसलं तरी आमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला येतं. मी ठरवलं आहे, चिडून लिहिलेलं उत्तर मसुद्यात राहील, सकाळपर्यंत. बोलताना मात्र अजून चुकतं, मग माफी त्याच दिवशी मागते.

शेवटची सूचना, जी बहुतेक जण सांगत नाहीत. तुमची नवी पद्धत काही आठवड्यांनी बंद पडेल. माझी साधारण सहा आठवडे चालते. नवेपण संपलं की यादी भिंतीचा भाग होते आणि डोळ्यांना दिसेनाशी होते. पूर्वी मी त्याला माझी हार समजायचे आणि मग महिनोन्‌महिने काहीच करायचे नाही. आता कॅलेंडरमध्ये दर सहा आठवड्यांनी एक नोंद आहे: ‘काय दिसेनासं झालं?’ त्या दिवशी रंग बदलते, जागा बदलते, टायमरचा आवाज बदलते. तत्त्व तेच, वस्तू नवी. मुलाच्या दारावरची यादी या महिन्यात पिवळ्या कागदावर आहे. हस्ताक्षर त्याचं आहे, आणि दप्तराच्या ओळीखाली त्यानं स्वतःहून एक ओळ घातली आहे: ‘आईची किल्ली.’